बारा वस्त्यांची घड्याळपट्टी

रेणुकाच्या स्वतःच्या वेबपानावर घड्याळपट्टी ठणठणीत चालत होती, आणि चंद्रावरच्या बाकी बारा वस्त्यांच्या पानांवर तिच्या जागी नुसता पांढरा चौकोन! असं कसं?

संध्याकाळी सहाला रेणुकाचं पहिलंवहिलं कीर्तन. त्याला किती वेळ उरला, ते दाखवणारा हा घटक (कुठल्याही वेबपानात बसवता येणारा तयार तुकडा) तिनेच बनवलेला. सगळ्या वस्त्या थेट तिच्याकडचाच वापरायच्या. आता वेळच दिसेना, तर ऐकायला येणार कोण?

"आजोबा, मी काही बिघडवलं नाही हो! उलट सकाळी सुधारलं."

संगणकशास्त्रज्ञ भास्करआजोबा कीर्तनाच्या साथीसाठी पेटी पुसत होते. "काय सुधारलंस गं?"

"आधी पानं पट्टीला 'वेळ' या नावाने आकडा द्यायची. मी ते नाव 'आरंभ' केलं. माझ्या पानावरही बदललं."

"आणि बाकीच्या बारा वस्त्यांना कळवलंस?"

रेणुकाने जीभ चावली.

"अगं, बुवा आख्यान रोज नवं रंगवतात, तरी आम्ही साथीदार अडत नाही. का? पुन्हापुन्हा येणारं धृपद ठरलेलं असतं! तेच न सांगता बदललं, की टाळ एकीकडे आणि माझी पेटी भलतीकडे. घटकाचं धृपद म्हणजे पानांशी ठरलेली नावं."

"मग ती कधीच बदलायची नाहीत?"

"बदलायची की! पण सांगून. घटक नीट डब्यात भर, वर आवृत्तीचा क्रमांक (हे कितवं रूप, ते सांगणारा आकडा) घाल. आतली बारीक दुरुस्ती असेल तर १.० चा १.१, तो पानांनी आपोआप घ्यावा. धृपद बदललं तर थेट २.०, आणि सोबत चिठ्ठी. ज्याची तयारी होईल तो घेईल. तोवर जुना डबा फडताळात राहू दे."

रेणुकाने जुना घटक १.० म्हणून परत ठेवला, शेजारी नवा २.०, चिठ्ठीसकट. एकेक पान उजळलं: कीर्तनास चाळीस मिनिटे! एका वस्तीचा निरोपही आला, "आम्ही २.० घेतला. चिठ्ठी झकास!"

पांडुरंगाची कृपा, सहाला मंडप गच्च भरला. गळ्यात हार घालून उभी राहिलेली रेणुका अचानक मागे वळली.

"आजोबा, उत्तररंगात नवं धृपद घेणार आहे. आधीच सांगतेय हं!"

आजोबा खुदकन हसले. तिने नवं धृपद उचललं, तेव्हा पेटी जराही अडखळली नाही.