कठड्यावरची रेंज

"जरा डावीकडे सरकाल का? रेंज तुमच्या पायाखाली आहे."

हे वाक्य ज्या बाईला उद्देशून उच्चारले गेले, ती हिर्डोशी गावाच्या अलीकडच्या ओढ्यावर, पुलाच्या दगडी कठड्यावर चढून, मोबाईल आभाळाकडे उंचावून उभी होती. तिचे नाव सौदामिनी. पुण्याच्या एका महाविद्यालयात ती इतिहास शिकवत असे, आणि जुन्या दफ्तरातले बनावट कागद ओळखण्यात तिचा हात धरणारे फारसे कोणी नव्हते. अशी ही विदुषी त्या क्षणी एक बनावट कागदच रवाना करण्याच्या खटपटीत होती. तिसरीतल्या शुभ्राने, म्हणजे तिच्या भाचीने, लिहिलेली म्हणून सांगायची ती रोजनिशी तिने स्वतः, डाव्या हाताने, अक्षर पुरेसे वेडेवाकडे यावे म्हणून जीभ दातांत धरून लिहिली होती.

सुट्टी दिवाळीची होती. शाळेने ती दिलीही होती. देताना तिच्यातली सुट्टी तेवढी काढून घेतली होती. रोज एक चित्र, एक पान शुद्धलेखन, 'आज मी काय शिकले' ही रोजनिशी आणि मूल हे सगळे आनंदाने करत असल्याचा फोटो, एवढा ऐवज दिवेलागणीपूर्वी पालकांच्या गटावर पोचलाच पाहिजे, असा फतवा निघाला होता. मूल आनंदात नसेल तर काय करावे, याविषयी सूचनांत मौन होते. फोटो मात्र स्पष्ट हवा होता. ज्याची एकही नोंद चुकणार नाही त्याला 'आदर्श सुट्टी' असे प्रशस्तिपत्र मिळणार होते, आणि ते शुभ्राला मिळावे, हा तिच्या वडिलांचा ध्यास होता. वडील म्हणजे सौदामिनीचा थोरला भाऊ, आनंद. तो आणि वहिनी वर्षभराचा थकवा घेऊन इथे विसाव्याला आले होते. गावातल्या सखूबाईंच्या घरातल्या दोन खोल्या सुट्टीपुरत्या घेतल्या होत्या. विसावा त्यांनी घेतला. प्रशस्तिपत्र आत्याकडे सोपवले.

सौदामिनी डावीकडे सरकली. मोटारसायकल कडेला लावून तो बोलणारा गृहस्थही कठड्यावर चढला — पस्तिशीचा, सावळा, चष्म्यामागे डोळे जरा जास्तच जागे. त्यानेही मोबाईल वर धरला.

"तुम्हीही?" तिने विचारले.

"मीही. बहिणीची मुलगी, चौथीत आहे. शाळा भोरची, पण फतवा हाच. आज तिनं सूर्यास्त काढलाय."

तिने पडद्याकडे पाहिले. डोंगराच्या, झाडाच्या, गुराच्या सावल्या एकाच दिशेला, शहाण्यासारख्या पडल्या होत्या.

"चौथीच्या मानानं हात फार तयार आहे."

"आणि तुमच्याकडच्या मुलीचा फार थरथरतो," तिच्या पडद्याकडे ओझरते पाहून तो म्हणाला. "वय काय तिचं... ऐंशी?"

सौदामिनीने ओठ घट्ट मिटले.

"रागावू नका. मी भोरच्या कोर्टात वकिली करतो. वादातल्या सह्या बघण्यात निम्मा दिवस जातो माझा. हे डाव्या हातानं लिहिलंय."

आयुष्यभर इतरांची बनवेगिरी उघडी पाडणाऱ्या बाईला स्वतः पकडले जाण्याचा अनुभव नवा होता. तो अपेक्षेइतका वाईट नाही, हे तिच्या ध्यानात आले आणि त्याचाच तिला अधिक राग आला. तेवढ्यात दोन्ही मोबाईल एकदम वाजले. ऐवज पोचला होता. तो उतरला, उतरताना त्याने हात पुढे केला, आणि कठडा तसा फार उंच नसतानाही तिने तो धरला.

दुसऱ्या दिवसापासून मुलीही येऊ लागल्या. शुभ्रा आणि ती चौथीतली शेफाली यांची मैत्री जुळायला ओढ्यातला एक खेकडा पुरला. त्या पाण्याशी, आणि ही दोघे कठड्यावर. मोठ्या माणसांनी एकमेकांची नावे विचारण्याचा प्रसंग मात्र मैत्रीनेच हुकवला, कारण पोरींनी परस्पर ओळखी करून देऊन टाकल्या होत्या. ती 'शुभ्राची आत्या' झाली, तो 'शेफालीचा मामा' झाला, आणि आपल्याकडच्या जुन्या, सोयीस्कर रीतीप्रमाणे दोघे त्याच नावांच्या आडोशाला बसून बोलू लागले. सखूबाईंच्या बोलण्यातून त्याचे नाव स्वानंद आहे, वरच्या वाडीत त्याच्या चुलत्यांचे घर आहे, हे सौदामिनीला कळले होते. तिचे नाव त्यालाही तसेच कुठून तरी कळले असणार. पण ते उच्चारण्याची पहिली पाळी कोणाची, हे ठरत नव्हते.

शाळेविषयी तिच्या मनात एक थंड, नीट रचलेला संताप होता. तो ती त्याला उतारे द्यावेत तसा ऐकवी. जी संस्था मुलाला वर्षभर खोटे बोलू नको म्हणून बजावते, तीच सुट्टी लागताच घराघराला खोटी कागदपत्रे करायला बसवते, आणि त्यातल्या सुबक खोट्याला चौकट करून देते, असे तिचे म्हणणे. तो ऐके. मध्ये बोलत नसे. आणि मग एखादे असे वाक्य टाकी, की तिचा अर्धा संताप हसण्यात वाहून जाई.

त्याचे वेगळेपण तिला तिसऱ्या संध्याकाळी उमगले. चित्रे तो स्वतः काढी, ते त्याचे जुने वेड होते. पण रोजनिशी लिहायची वेळ आली की तो शेफालीसमोर उकिडवा बसे आणि खरोखरच विचारी, की बाई, आज तू काय शिकलीस? ती सांगे, आणि तो तेच, तिच्याच शब्दांत, तिच्याच हातून लिहवून घेई. त्या दिवशी ती पानाची शिटी वाजवायला शिकली होती. शाळेचे उत्तर आले: शैक्षणिक मूल्य स्पष्ट करावे.

"मग?" सौदामिनीने विचारले.

"स्पष्ट केलं. पानाची जाडी, ओठांची ठेवण, हवेचा झोत... आणि शेवटी लिहिलं, की उक्त शिटी समक्ष ऐकवण्यास विद्यार्थिनी तयार असून शाळेनं तारीख द्यावी."

ती इतकी हसली, की तोल गेला. त्याने दंडाला धरून सावरले. सावरून झाल्यावरही हात तिथेच होता... क्षणभर. मग दोघांनीही मोबाईलकडे पाहिले, जणू त्यात काही तातडीचे होते.

"शुभ्राच्या आत्या," तो वर न बघता म्हणाला, "हे गाव तुम्हाला आवडलं का?"

"मत देण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही."

"आणि गावातली माणसं?"

"तेच उत्तर."

तो हसला, पण जरा उशिरा. परतताना तिला ते उशिरा हसणे टोचत राहिले. पुराव्यावाचून काही मानायचे नाही, ही तिची शिस्त होती. या शिस्तीने तिला नाव मिळवून दिले होते, आणि दोन चांगली स्थळे घालवली होती. आता सुट्टीचे मोजकेच दिवस उरले होते. रविवारी सकाळी सगळे पुण्याला परतणार होते. गृहपाठ संपला की रेंज शोधायचे कारण संपणार होते, आणि कारणाशिवाय त्या कठड्यावर जाऊन उभे राहायचे, तर आधी काहीतरी मान्य करावे लागणार होते. त्याच्या मनात काय आहे? त्याचा कागद कुठे आहे?

शुक्रवारी दुपारी आभाळ अचानक काळवंडले. सखूबाईंचे भात कापून शेतात वाळायला पसरलेले होते. वरंधा घाटाच्या बाजूने सरी उतरताना दिसल्या आणि सखूबाईंनी घरात कोणाला हाक न मारता शेताकडे धाव घेतली. त्यांच्या मागे सौदामिनी, तिच्यामागे शुभ्रा, आणि वरच्या वाडीतून वाट सोडून, बांधावरून उड्या घेत स्वानंद आणि शेफाली. पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेला वकील तिने पहिल्यांदा पाहिला. कोणी कोणाला काही सांगितले नाही. तो पेंढ्या बांधून तिच्या हातात देई, ती गोठ्यापर्यंत नेई. मुली इवल्या मोळ्या कवेत धरून, चिखलात घसरत, पुन्हा उठून पळत होत्या. ओल्या पेंढ्याचा गोडसर वास, पाठीवर टोचणारे थेंब, आणि प्रत्येक फेरीला पेंढी देता-घेताना त्याची एक नजर — लगबगीची, पण चुकून एकदाही चुकली नाही अशी.

शेवटची पेंढी आत आली तेव्हा पाऊस जोरात होता. शुभ्रा नखशिखांत चिखलाने माखून, गोठ्याच्या दारात उभी राहून स्वतःशीच हसत होती. शाळेने आठवडाभर मागितलेला तो आनंद तिथे फुकट उभा होता, आणि त्याचा फोटो कोणी काढला नव्हता.

संध्याकाळी कठड्यावर सौदामिनीने शाळेला, या वेळी उजव्या हाताने, कळवले: आज शुभ्राने भात भिजण्यापासून वाचवले. फोटो काढायला कोणाचेच हात मोकळे नव्हते. शेजारी त्यानेही साधारण तेच पाठवले होते. दोघांनी एकमेकांचे वाचले. तिला उत्तर लगेच आले. पुराव्याअभावी आजची नोंद ग्राह्य धरता येणार नाही.

आनंद चिडला. एवढ्याशासाठी प्रशस्तिपत्र घालवलेस, असे त्याचे म्हणणे पडले. सौदामिनीने त्याला शांतपणे सांगितले, की आधीच्या सगळ्या नोंदी तिने डाव्या हाताने लिहिल्या होत्या, त्या ग्राह्य ठरल्या. पोरीने एक दिवस खरोखर काही केले, तो तेवढा फेटाळला गेला. अशा दरबारातले प्रशस्तिपत्र घरात लावायचे असेल तर त्यावर माझे नाव घाल, शुभ्राचे नको. आनंदने शुभ्राला जवळ घेऊन विचारले, की किती पेंढ्या नेल्यास ग? शुभ्राने दोन्ही हात जमतील तेवढे पसरले.

शनिवारी दुपारी सामानाची आवराआवर चालली होती. सखूबाई तांदळाची पिशवी बांधून द्यायला आल्या आणि सौदामिनीला मोबाईल घेऊन निघताना पाहून म्हणाल्या, "आजबी चालला व्हय ताई पुलावर? तुमास्नी फिरायची लई हौस हाय."

"फिरायला नाही हो, रेंजसाठी जाते."

"रेंजसाठनं?" सखूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आन् त्ये कशापायी? आमच्या स्वानंदाच्या ओसरीत रेंज येती की. समदी वाडी तिथंच जाती फोन लावाया. त्यानं सांगितलं न्हाई तुमास्नी?"

सौदामिनी उभी राहिली ती उभीच.

"कधीपासून येते?"

"लई दिस झालं. ह्या दिवाळीत पोरगी रोज रातच्याला तिथनंच आईसंगं बोलती..." सखूबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी सौदामिनीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, पदर तोंडाशी नेला आणि तांदूळ पुन्हा, विनाकारण, निवडायला घेतला.

म्हणजे हा माणूस घरात बसून पाठवता येणारा ऐवज खिशात घालून, रोज संध्याकाळी उतार उतरून, कठड्यावर चढून, मोबाईल आभाळाकडे धरून उभा राहत होता. आणि गावात राहून गावाला एक साधा प्रश्न विचारायचे तिला सुचले नव्हते. एवढ्याच चुकीसाठी ती विद्यार्थ्यांचे प्रबंध परत पाठवत असे. तिने मोबाईल बांधलेल्या सामानाच्या तळाशी ठेवला आणि ती निघाली. वाट उताराची होती, तरी धाप लागली.

तो आधीच येऊन बसला होता. ओढ्याला कालच्या पावसाचे लालसर पाणी होते. कठड्यावर हात टेकून ती शेजारी उभी राहिली.

"मोबाईल?" त्याने विचारले.

"घरी ठेवला." तिने पाण्याकडे पाहिले. "तुमच्या ओसरीत रेंज येते म्हणे."

तो गडबडला. कोर्टात इतक्या उलटतपासण्या घेतलेला माणूस, चष्मा काढून पुसू लागला.

"येते."

"चांगली येते?"

"...फार चांगली."

"मग रोज इथं कशाला यायचात?"

"पहिल्या दिवशी खरंच माहीत नव्हतं," तो सावकाश म्हणाला. "त्याच रात्री घरी कळलं. तेव्हापासूनचं... माझ्याकडे उत्तर आहे. पण तुम्हाला पुरावा लागतो. आणि याला कागद नाही, फोटो नाही. मी रोज आलो, एवढंच आहे."

सौदामिनी हसली नाही. काही गोष्टींवर हसू नये इतकी त्या नेमक्या असतात. तिच्या मनात आले, की शाळा तिच्याकडे मागत होती तेच ती या माणसाकडे मागत बसली होती. आणि तो मात्र काही न मागता, रोज, वेळेवर, येत राहिला.

"शेफालीचे मामा," ती म्हणाली, "नोंद ग्राह्य आहे."

चष्मा त्याच्या हातातच राहिला होता, आणि त्याच्याशिवाय त्याचे डोळे फार उघडे, फार तरुण दिसत होते. मग त्याने तिचा हात हातात घेतला, तो वेड्यावाकड्या अक्षरांसाठी राबलेला डावा हात.

"सौदामिनी," तो म्हणाला.

एवढेच. इतके दिवस भाच्यांच्या नावांआड बसलेली दोन माणसे आडोसा सोडून उजेडात आली होती. आता भोर-स्वारगेट एस.टी.च्या वेळा पाठ होणार होत्या, आणि त्याला तिने मनातून केव्हाच संमती दिली होती. वरून शुभ्रा आणि शेफाली पानाची शिटी वाजवत येत होत्या. दोघींच्या हातात वही नव्हती. पुलापाशी येऊन त्या थबकल्या, एकमेकींकडे पाहिले, आणि मोठ्या शहाणपणाने पाठ फिरवून खेकडा शोधायला निघून गेल्या.

त्या संध्याकाळचा एकही फोटो उपलब्ध नाही.