उद्याची यादी

माझ्या नातीचं, आरोहीचं, जावळ काढलं ते साल २०१७. चैत्रात तिचे केस उतरवले आणि त्याच आठवड्यात वैजनाथने जिन्याखाली डबा बसवला. वैजनाथ माझा मुलगा. मेहकरला कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचा आणि गावात फवारणीचा गट चालवायचा. डबा म्हणजे पडदा नसलेला जुना कॉम्प्युटर. तो त्याला सर्व्हर म्हणे. गटाचे सगळे कागद त्या डब्याच्या पोटात. पुढच्या खोलीतून उघडा नाहीतर माडीवरून, कागद एकच.

आमचं गाव हिवरा आश्रमापासून तीन कोसांवर. तेव्हा गटाचा मुकादम होता जानराव, माझा जुना सोबती. साक्षरता वर्गात आम्ही दोघं एका पाटीवर शिकलो. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, तो चाळीसचा. त्याला इंग्रजीत सहीसुद्धा जमली. मला इंग्रजीतला तेवढा एकच शब्द ओळखता येतो, त्याचं नाव.

रोज संध्याकाळी आमच्या ओसरीत बसून, वैजनाथने दिलेल्या लॅपटॉपवर तो उद्याची यादी करायचा. कोणाचं शेत, किती पंप, कोण माणसं. पण नाव लिहिण्याआधी माणसाला समोर उभा करायचा. सदरा काढायला लावायचा. पाठ, तळहात, बोटांच्या बेचक्या उजेडात धरून बघायचा. कुठे ओरखडा, फोड, फुटलेली कातडी दिसली की त्याच्या नावापुढे लिहायचा, 'निंदणी'. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी खुरपं धरायचं, पंपाला हात लावायचा नाही. जखमेतून औषध आत शिरतं, एवढंच तो सांगायचा.

"मुकादम, सोयरीक जुळवून राह्यले का?" गटातला अकील म्हणायचा. "दातही पाहून घ्या."

"दात नाही बे, तुही अक्कल शोधून राह्यलो. सापडत नाही."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जानराव झोपेतच गेला. त्याच्या बायकोने, रुखमाबाईने, लॅपटॉप परत आणून दिला. त्याची बॅटरी फुगली होती. वैजनाथने ती काढून टाकली, आतली डिस्कही काढली आणि ते रिकामं खोकं गोधड्यांच्या फळीवर ठेवलं.

यादीचं काम माझ्याकडे आलं. मला फार बरं वाटलं. पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर बसून मी एकेक अक्षर दाबायचो. हात मात्र मी कोणाचेच बघितले नाहीत. बाजारात बैल बघतात तसं माणसाला बघायचं, मला लाज वाटायची.

त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. बीटी बियाणं आलं तेव्हा फवारे कमी होतील असं ऐकलं होतं. आता त्याच बोंडांत गुलाबी अळी निघत होती. नळी वर धरून फवारावं लागे आणि औषध तोंडावर उतरे. फवारणाऱ्या माणसांच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या होत्या.

सप्टेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी यादी जतन होईना. पडद्यावर इंग्रजी चौकट आली. तिच्यात एक शब्द मला ओळखता आला.

मी वैजनाथला हाक मारली. त्याने वाचलं. "हे म्हणते, फाइल दुसऱ्या कोणी उघडून ठेवली. तुम्हाले फक्त वाचता येते."

"कोणी?"

"जानराव काकाच्या लॅपटॉपनं." त्याने चौकट मिटवली. "जुना दुवा अडकला असंन, बाबा."

त्याने डबा बंद करून चालू केला. इंटरनेटची पेटी काढून परत लावली. चौकट पुन्हा आली. तो वैतागून माडीवर गेला. मी खालून एकेक नाव खोडत आलो, कागद लहान केला तर जातो का बघू म्हणून. अकीलचं नाव खोडलं आणि यादी जतन झाली. आधी खोडलेली बाकीची नावं परत टाकली, तरी अडलं नाही.

सकाळी अकील दारात उभा. "निवृत्तीभाऊ, माहं नाव काऊन कापलं? काय वाकडं केलं म्या तुमचं?" त्याने हात नाचवला. तळहातावर विळ्याचा ताजा काप होता.

चार दिवसांनी रामरावच्या नावाला अडलं. मी उठून त्याच्या घरी गेलो, सदरा वर करायला लावला. पंपाचा पट्टा येतो तिथे फुटलेलं गळू होतं.

मी गोधड्यांच्या फळीवरून तो लॅपटॉप काढून पाहिला. हलका होता. बॅटरीच्या जागेत कोळ्याने जाळं केलं होतं. मी तो होता तसा ठेवला.

पुढे मी कोणाला काही सांगितलं नाही. नावं टाकायचो. अडलं की कोणावर अडतं ते बघायचो आणि त्या माणसाकडे जायचो. तीन आठवड्यांत आठ वेळा अडलं, आठही वेळा जखम निघाली. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. उलट सोबत वाटायची. लाजेपायी जे मी करत नव्हतो ते जानराव करत होता. यादी जतन झाली म्हणजे सगळ्यांचे हात बघून झाले, असं मी धरून चाललो.

वैजनाथला तो नुसता बिघाड वाटत होता. त्याची माणसं ऐनवेळी कमी पडत होती, शेतकरी बोलत होते.

सहा ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारभर तो जिन्याखाली डबा उघडून बसला होता. आरोही रांगत जाऊन स्क्रू तोंडात घालत होती आणि वासंती, माझी सून, तिला ओढून आणत होती. संध्याकाळी त्याने मला आवाज दिला. "बाबा, करा यादी. आता नाही अडत."

"काय झालं होतं?"

"किरकोळ होतं." तो वर जायला निघाला. "उद्या दोन माणसं कमी आहेत. एक पंप मी घेतो. माहं नाव टाका."

"तुले सवय नाही."

"एक दिवसाचं तर काम आहे."

मी पंधरा नावं टाकली. सोळावं त्याचं. बटणावर बोट ठेवून मी जरा वेळ तसाच बसलो. मग दाबलं.

यादी लगेच जतन झाली. चौकट आली नाही.

मी पडद्याकडे बघून मान हलवली. जानरावने माझ्या पोराचे हात बघितले होते. आता काळजी नव्हती.

रात्रीच्या जेवणात वैजनाथने डाव्या हाताने, चमच्याने भात खाल्ला. मी ते बघितलं. विचारलं नाही.

सकाळी सहाला सगळे निघाले. पाण्याचा ड्रम घेऊन मीही शेतावर गेलो. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, माणसं दिसत नव्हती, नुसत्या नळ्या दिसत होत्या, कपाशीच्या वर हलताना.

अकराच्या सुमारास एक नळी खाली गेली.

वैजनाथ कपाशीच्या तासातून बाहेर आला तो पाय फाकवून, चाचपडत. अंग घामाने निथळत होतं. तोंडातून लाळ गळत होती.

"बाबा, मले अंधुक दिसून राह्यलं."

अकीलने ऑटो आणला. वैजनाथचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी त्याची उजवी मूठ सोडवली. आत भिजून सुटलेली कापडी पट्टी होती. तिच्याखाली तळहात आडवा कापलेला.

"हे कधी?"

"काल. डब्याचा पत्रा लागला." त्याची जीभ जड झाली होती. "जानराव काकाचं नाव काढून टाकलं म्या त्याच्यातून. म्हणून तर चाललं."

अकील गाडी हाकता हाकता मागे वळून बघत होता. मी त्याला पुढे बघ म्हणालो.

तेराव्यानंतर दवाखान्याच्या कागदासाठी त्या दिवशीची यादी लागली. वासंतीने पुढच्या खोलीत कॉम्प्युटर लावला. तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"बाबा, इथे दोन याद्या आहेत."

एक माझी. आदल्या संध्याकाळची.

"ही दुसरी तुम्ही केली का?"

दुसरी सात तारखेची होती. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी जतन केलेली. तेव्हा मी शेतावर होतो आणि वासंती आरोहीला आंघोळ घालत होती. कोणी जतन केली त्या जागी इंग्रजी शब्द होता. मला तो वाचता येतो.

नावं तीच, सोळा, त्याच क्रमाने. फक्त शेवटच्या ओळीत एक शब्द जास्त होता.

'वैजनाथ निवृत्ती. निंदणी.'

जानराव २२ ऑगस्ट २०१७ ला गेला. माझा मुलगा वैजनाथ ९ ऑक्टोबर २०१७ ला, सोमवारी पहाटे, दवाखान्यात गेला.