चोवीस पेट्या आणि दमलेली गाडी

वनिता गेली हे मला बुधवारी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर कळलं. मी तिच्यासाठी चहा आणायला गेलो होतो. परत आलो तर डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. कागदी कप हातात धरून मी किती वेळ तिथे थांबलो ते आठवत नाही. घरी आल्यावर मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. तिच्या पिकअपमधली एकही वस्तू कुणी हलवायची नाही.

वनिता माझी बायको. आम्ही दोघं मधमाश्या पाळायचो. गाडी ती चालवायची, पेट्या मी बांधायचो.

पिकअप डिझेलची होती, तेहतीस वर्षांची. आता सगळीकडे विजेच्या गाड्या असल्यामुळे तिच्याकडे पोरं जुन्या नाण्याकडे बघावं तशी बघायची. वनिता गेल्यावर तीन महिने मी ती फक्त बाजारापर्यंत नेली. रस्ता सपाट, गाडी रिकामी. जरा जड वाटायची. म्हातारी झाली, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग चैत्र आला. खाली आमच्या गावात पारा सेहेचाळीसवर जाणार होता. एवढ्या उन्हात पेटीतली मेणाची पोळी मऊ होऊन कोसळतात आणि माश्या त्याखाली मरतात. वर तांबजाईच्या पठारावर गारवा होता, जांभूळ फुललं होतं. दरवर्षी आम्ही पेट्या तिकडे न्यायचो. गावातला विजेचा टेम्पो बॅटरी बदलायला गेला होता, तो आठ दिवस येणार नव्हता. म्हणून पहाटे मी सातेरी जातीच्या माश्यांच्या चोवीस पेट्या पिकअपवर चढवल्या, दारांना जाळ्या लावल्या आणि निघालो. सोबत माझी अकरा वर्षांची नात मैथिली होती, आणि तिचा मुंगूस.

मुंगूस म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला छोटा यंत्रमानव. मांजराएवढा, सहा पायांचा. सगळीकडे नाक खुपसतो म्हणून मैथिलीने त्याला हे नाव दिलं. तो सुटीपुरता घरी आला होता.

खिंडीच्या तिसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, गुरगुर वाढली, पण वेग वाढेना. मागे काळाकुट्ट धूर. शेवटी बैलगाडीच्या वेगाने जाऊन ती चढावर थांबली. मी हँडब्रेक ओढला आणि चाकांमागे दगड लावले. आठ वाजले होते.

मुंगूस पेट्यांवर चढला. "आतलं तापमान सदतीस. माश्यांना पस्तीस लागतं. चाळीसच्या पुढे पिल्लं मरतील. या गतीने सव्वा तास आहे."

"आबा, पेट्या इथेच उघडू या ना," मैथिली म्हणाली.

"भर रस्त्यात? माश्या उडतील, दमतील, आणि पेटी हलवली की परत येऊन कुणाकडे जाणार?"

आमच्याजवळ वीस लिटरचा पाण्याचा एक कॅन होता. मैथिली पेट्यांवर ओली पोती टाकू लागली. या पेट्या वनिताने बारा वर्षांत एकेक करून वाढवल्या होत्या. तीन महिन्यांत मी त्या घालवणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"मुंगूस, गाडीला काय झालंय सांग," मैथिली म्हणाली.

"मला विजेच्या गाड्या शिकवल्या आहेत. हिची बॅटरी एवढीशी का?"

"ही बॅटरीवर नाही चालत रे बावळटा. ही डिझेल जाळते."

"पोटात जाळ घेऊन फिरते? आणि तुम्ही तिच्यात बसता?"

मला त्या अवस्थेतही हसू आलं. मग मी बोनेट उघडलं. घाबरलेल्या माणसाने एकदम सगळं खोलायचं नसतं, एकेक संशय काढून टाकायचा असतो. वनिता असंच करायची.

"पहिला संशय," मी म्हणालो, "ब्रेक चिकटलाय का? चिकटला तर चाक मोकळं फिरत नाही आणि घासून तापतं."

मुंगूस चारही चाकांपाशी जाऊन आला. "चारही सारखीच कोमट."

"दुसरा, क्लच (इंजिनाची ताकद चाकांकडे जोडणारा आणि तोडणारा भाग). तो घसरला तर इंजिन जोरात फिरतं, पण गाडी तेवढी पळत नाही."

"पण आबा, इंजिन पण जोरात फिरत नव्हतं," मैथिली म्हणाली. "दमल्यासारखं गुरगुरत होतं."

बरोबर होतं. ताकद वाटेत हरवत नव्हती, ती तयारच होत नव्हती.

"मग डिझेल कमी पोचतंय?" मुंगूसने विचारलं.

इथे मी अडलो. डिझेलचा फिल्टर (कचरा गाळणारी गाळणी) बदलावा का? नवा माझ्याजवळ होता, पण अर्धा तास गेला असता. आतलं तापमान अडतीस झालं होतं. पेट्यांतली गुणगुण आता घोंघावण्यासारखी झाली होती. माश्या दाराशी जमून पंखांनी वारा घालत होत्या.

मैथिलीने माझं धूरयंत्र उचललं. माश्यांना शांत करायला आम्ही हे डबडं वापरतो. आत गवऱ्या पेटवायच्या, मागचा भाता दाबून हवा द्यायची.

"आबा, भाता भराभर दाबला की यात जाळ होतो. दाबायचं थांबलं की नुसता धूर. का?"

"हवा पुरत नाही म्हणून. जळायला हवेतला प्राणवायू लागतो. तो कमी पडला की अर्धवट जळतं, आणि न जळलेलं काळं होऊन बाहेर..." मी बोलता बोलता थांबलो.

"गाडीने पण काळा धूर सोडला," ती हळूच म्हणाली. "डिझेल कमी असतं तर धूर कशाचा झाला असता?"

मुंगूसचे दिवे लुकलुकले. "म्हणजे जळण पोचतंय, हवा पोचत नाही! पण मग ती सपाटीवर कशी चालते?"

"तू घरात बसल्यावर किती श्वास घेतेस?" मी मैथिलीला विचारलं. "आणि खिंड पळत चढलीस तर? इंजिनाचंही तसंच. रिकामं, सावकाश चालताना थोडी हवा पुरते. ओझं घेऊन चढताना कित्येक पट लागते. तेव्हाच कळतं की नाक चोंदलंय."

मी हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर स्वच्छ होता! मागच्याच महिन्यात मी नवा बसवला होता. माझा धीर सुटला. मी बंपरवर बसलो.

"बसताय काय आबा?" मैथिली म्हणाली. "डब्याचं झाकण उघडंच ठेवून चालू करा ना. इथून हवा घेईल ती."

धूळ आत जाऊ नये म्हणून असं फार वेळ करायचं नसतं. पण क्षणभर चालतं. मी किल्ली फिरवली, पाय दाबला. इंजिन एकदम मोकळं गरजलं. धूर जवळजवळ नाही. झाकण लावलं, की परत गुरगुर आणि काळा धूर.

"म्हणजे अडथळा डब्याच्या आधी आहे," मुंगूस म्हणाला. "डब्याकडे हवा कुठून येते?"

डब्यापासून एक जाड नळी पुढच्या दिव्यामागे जाते. तिथे तिचं तोंड असतं. इंजिन बंद करून मैथिलीने आपला बारीक हात आत घातला.

"आबा, इथे काहीतरी बांधलंय."

मला तेव्हा आठवलं. खरं सांगायचं तर मी ते पाहिलं होतं. गाडी धुताना दोनदा. वनिताच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. आमच्या गाडीचा सेल्फ कमजोर, बंद केली की लवकर चालू होत नाही, म्हणून पेट्या चढवता उतरवताना ती इंजिन चालूच ठेवायची, आणि सुट्या माश्या नळीत ओढल्या जाऊ नयेत म्हणून तोंडावर हे कापड बांधायची. निघण्याआधी सोडायची. ती केव्हा सोडते ते मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण तोवर मी मागे दोर आवळत असायचो. शेवटच्या दिवशी पेट्या उतरवून झाल्या आणि तिच्या छातीत दुखायला लागलं. कापड तसंच राहिलं. पातळ आहे, हवा जात असेल, असं मला वाटलं. आणि तिने बांधलेली गाठ मला सोडायची नव्हती.

"सोडू का आबा?" मैथिलीने विचारलं. कापड कुणाचं ते तिलाही कळलं होतं.

मुंगूस पेट्यांवरून म्हणाला, "एकोणचाळीस."

"सोड," मी म्हणालो.

तिने एक टोक ओढलं. गाठ लगेच सुटली. ती सुटण्यासाठीच बांधलेली होती. कापडावर तीन महिन्यांची धूळ, पराग आणि चिकट मध बसून त्याचं पुठ्ठ्यासारखं झालं होतं. त्यातून फुंकर मारली तर पलीकडे पोचत नव्हती.

मी किल्ली फिरवली. दगड काढून मैथिली आत येऊन बसली. गाडी चोवीस पेट्या घेऊन चढली. मी पाय दाबला की ती ऐकत होती. आरशात धूर दिसत नव्हता, तरी मी प्रत्येक वळणावर बघत होतो.

साडेनऊला पठारावर पोचलो. जांभळांच्या सावलीत पेट्या मांडून जाळ्या काढल्या. तेवीस पेट्यांतून माश्या बाहेर पडल्या. सतरा नंबरची गप्प होती. मैथिली तिच्यासमोर उकिडवी बसली, कान लावून. बऱ्याच वेळाने एक माशी दारात आली, पाय झाडले आणि उडाली. मग दुसरी आली.

मुंगूसने स्वतःच्या यादीत नवी ओळ घातली आणि ती आम्हाला वाचून दाखवली: "काळा धूर, सपाटीवर ठीक, चढावर दमते. आधी हवेचा मार्ग तपासा, अगदी तोंडापासून." शाळा उघडल्यावर ही ओळ सगळ्या शाळांतल्या मुंगसांना मिळणार आहे.

"आबा, मी मोठी झाल्यावर चढाला न दमणारी गाडी बनवणार," मैथिली परतताना म्हणाली. "माश्यांना थंड ठेवणारी."

"बनव. पण नळीचं तोंड दिसेल अशा जागी ठेव."

कापड मी धुऊन अंगणात वाळत घातलं आहे. पावसाआधी पेट्या खाली आणायच्या आहेत, तेव्हा ते पुन्हा बांधावं लागेल. एक टोक ओढलं की सुटणारी ती गाठ मैथिली आणि मी रोज संध्याकाळी दोरीवर घालून बघतो. अजून जमलेली नाही.