ठिपक्यांची हिरवी चिंधी

"अहो! ते प्यायचं पाणी आहे, तुमच्या अंजिरांचं न्हाणीघर नाही!"

बेचाळीस वर्षांनी त्याच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. प्रेमाच्या गोष्टीची ही काय सुरुवात म्हणाल… पण झालं ते असं झालं. गोड करून सांगणाऱ्यातली मी नाही.

मार सासीनच्या, म्हणजे आमच्या संत सासीनच्या, मठाच्या दारात दगडी कुंडी आहे, डोंगरातला झरा तिच्यात पडतो. आठशे वर्षं लोक ते पाणी ओंजळीने पितात. आणि हा कोण शहरी कोटातला माणूस, पाठमोरा, वाकून, टोपलीतली अंजिरं एकेक करून त्यात धूत होता — हलक्या हाताने, अंगठ्याने चोळत, जसं काही बाळाचे गाल धुतोय.

तो दचकून सरळ झाला, खांद्यावरून माझ्या झग्याकडे ओझरतं बघितलं. "माफ करा, सिस्टर. चुकलं."

सिस्टर! मला मठातली जोगीण समजला; हसूच फुटणार होतं. माझ्या अंगात संताचा काळा झगा, कमरेला दोर, डोक्याला काळा रुमाल. त्या उन्हाळ्यात माझ्या लेकीचं, लमियाचं, बैरूतला हृदयाचं ऑपरेशन झालं. मी मार सासीनला बोलले होते — पोर उठून बसू दे, चाळीस दिवस तुझा झगा अंगावर वागवीन आणि दर गुरुवारी पायी चढून येईन. पोर उठली, बसली, आणि दिवसातून तीनदा फोन करून मला शहाणपण शिकवायला लागली. तेव्हा नवस फेडणं आलंच. हा सदतिसावा दिवस होता.

आमच्या डोंगरात नवसाची बाई कुठली आणि मठातली सिस्टर कुठली हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे हा माणूस बाहेरचा. त्याला नीट समजावून सांगायला मी तोंड उघडलं — आणि तो पुरता वळला.

डावी भुवई. मधोमध तुटलेली.

तो दगड मी मारला होता. नऊ वर्षांची होते. आमच्या कुंपणाच्या भिंतीवर चढून तो मला वेडावत होता म्हणून.

मिल्हेम!

गाव ज्या तोंडाला घाबरतं ते माझं तोंड मिटलं. केस सगळे पांढरे, पोट थोडं सुटलेलं, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच… एका पायावर भार टाकून, कुणीतरी आता हाकलणार आहे अशी. मला त्याने ओळखलं नव्हतं. मनात म्हटलं, बरंच झालं. सिस्टर तर सिस्टर.

"बसा," मी म्हटलं. "धुतलीच आहेत तर खा आता."

देवळाच्या मागे दगडी बाक आहे. तिथून सगळी दरी दिसते. आम्ही दोघं दोन टोकांना बसलो, मध्ये अंजिरांची टोपली. त्याने एक अंजीर फोडून अर्धं माझ्यापुढे धरलं. सिस्टरला कुणी अर्धं अंजीर देतं का? पण घेतलं मी.

"इथले का तुम्ही?" मी विचारलं. कोरड्या आवाजात, बरं का.

"इथलाच होतो. युद्ध सुरू झालं त्या वर्षी ब्राझीलला गेलो. काल संध्याकाळी आलो, खालच्या गावात बहिणीकडे उतरलोय. सोमवारी परत."

सोमवारी! मी बोटांवर दिवस मोजले.

"चार दिवसांसाठी एवढा समुद्र ओलांडला? बायकापोरं काय म्हणाली?"

"बायको सहा वर्षांपूर्वी गेली, सिस्टर. दाल्वा तिचं नाव. तिथलीच होती. चांगली होती… हसरी. माझ्या स्वयंपाकाला हसायची, माझ्या रडण्यालाही हसायची. मला वेलचीची कॉफी नीट जमत नाही हे तिला कधी कळलंच नाही, तिने दुसरी प्यायलीच नव्हती." तो हसला. "दोन मुली. एक दातांची डॉक्टर, एक नवऱ्याची डॉक्टर — सारखी त्याचं काहीतरी दुरुस्त करत असते. आपली भाषा दोघींना येत नाही. जेवणातले शब्द येतात तेवढे. आणि शिव्या."

"शिव्या कुणी शिकवल्या?"

"बटणांचं दुकान होतं माझं. दिवसभर बटणं सांडायची."

मी हसले. सिस्टरने जेवढं हसावं त्याच्यापेक्षा जरा जास्तच हसले, मग रुमाल सावरला.

मग तो गावातल्या एकेकाचं विचारत गेला आणि मी सांगत गेले. कोण मेलं, कोण कॅनडाला गेलं, कोणाच्या सुनेने कोणाला घराबाहेर काढलं. तीन वाजले असतील. आमच्याकडे त्या वेळेला दरीतून धुकं वर चढतं. आधी खालची ऑलिव्हची झाडं गेली, मग वाट गेली… घंटेचा मनोरा तेवढा उरला.

"वरच्या आळीत एक मुलगी होती," तो धुक्याकडे बघत म्हणाला. "आमच्या भिंतीला भिंत. सैदे नाव. जिभेला धार…"

"आहे ना. धार पण आहे अजून."

"कशी दिसते आता?"

"जाडी झालीय."

"आणि दात?"

"सगळे स्वतःचे आहेत! बाजारात घोडी घ्यायला आलात का?"

"नाही, नाही…" त्याचे खांदे हलत होते. "नवरा?"

"बुत्रुस. अकरा वर्षं झाली जाऊन." हे मी हळू बोलले. बुत्रुसबद्दल मी कधीच मोठ्याने बोलत नाही. एकतीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. ऐकवायचे होते ते सगळे मीच ऐकवले.

 मिल्हेमने हात वर करून दाखवलं. तिथे पूर्वी मोठा अक्रोड होता. एका हिवाळ्यात वादळाने पाडला, आता नुसता बुंधा आहे, बसायला बरा.

"निघायच्या आधी, मठाच्या सणाला, मी त्या अक्रोडाखाली उभा होतो. मावशीकरवी तिला निरोप धाडला होता — मी तुला पसंत असेन तर प्रार्थना संपल्यावर तिथे ये, मग मी जात नाही कुठे. प्रार्थना संपली. लोक जेवले, घरी गेले. धुकं चढलं. ती आली नाही."

सांगू का… मला तो दिवस मिनिटामिनिटाने आठवतो. हिरव्यावर पांढरे ठिपके असलेला झगा घालून, केस विंचरून मी खिडकीत बसले होते. आणि मनात एकच घोकत होते — याला तोंड नाही? माझ्या बापाच्या दारात यायला पाय नाहीत? म्हातारीच्या पदराआडून काय बोलतो! येऊ दे इथे, विचारू दे. येईल. अंधार पडेपर्यंत येईल.

तो अक्रोडाखाली, मी खिडकीत. दोघं हट्टी. मधे अर्ध्या तासाची चढण.

"कदाचित तिला वाटलं असेल," मी म्हटलं, "ज्याला लग्न करायचंय त्याने स्वतःच्या तोंडाने विचारावं."

"असं वाटलं असेल?"

"कदाचित म्हटलं मी. मला काय माहीत! मी सिस्टर आहे."

"हो ना," तो म्हणाला. "तुम्ही सिस्टर आहात."

धुकं आता बाकापर्यंत आलं होतं. टोपलीतली अंजिरंसुद्धा फिकी दिसायला लागली. त्याचा आवाज तेवढा जवळून येत होता.

"एक कोडं पडलंय, सिस्टर. आज सकाळी घर बघायला गेलो. छप्पर बसलंय, दार कुजलंय, आत शेळ्या राहून गेल्यात. पण बापाची द्राक्षाची वेल… बेचाळीस वर्षं कुणी हात लावला नाही तर वेलीचं रान होतं. ही छाटलेली आहे. दरवर्षी छाटलेली. नीट मांडवावर बांधलेली. कोण करतं हे?"

"नगरपालिका करत असेल."

"नगरपालिका? ती रस्त्यावरचा दगड उचलत नाही."

"मग कुणाला पानं लागत असतील. भात भरून गुंडाळायला. तुमच्या वेलीची पानं कोवळी असतात असं… ऐकलंय."

"असेल, असेल. पण वेल कशाने बांधलीय माहितीय? जुन्या कपड्यांच्या चिंध्यांनी. लहान मुलांचे सदरे, पडदे, काय काय. आणि अगदी खाली, खोडाशी, सगळ्यात जुनी एक चिंधी आहे. विटलीय. हिरव्यावर पांढरे ठिपके."

मी टोपलीतली अंजिरं उगाच सरळ रचायला लागले. 

ती वेल मी छाटत होते. दर फेब्रुवारीत. आणि शिडी धरायचा बुत्रुस. भिंतीपलीकडे, परक्याच्या अंगणात, थंडीत हात चोळत उभा राहायचा आणि म्हणायचा, 'डावीकडची फांदी राहिली, सैदे.' चिंधी कुठली, वेल कुणाची, एकदाही त्याने विचारलं नाही. भल्या माणसाला सगळं माहीत असतं आणि तो शिडी धरतो.

"निरोप देऊ का एक, सिस्टर?" मिल्हेम उठून उभा राहिला. "नको… निरोपांनी एकदा वाटोळं झालंय. तोंडानेच विचारतो. सैदे, मी राहू का?"

धुक्यातसुद्धा मला घाम फुटला.

"तू — तुला माहीत होतं?"

"लहानपणी आईने तुझ्या कानात घातल्या त्याच बाळ्या घालून कुठली सिस्टर हिंडते? आणि माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याला झापणारी बाई या डोंगरात एकच आहे."

"कधीपासून?"

"अंजिरांपासून."

अंजिरांपासून! म्हणजे दोन तास हा मला खेळवत होता. दात काय, जाडी काय… मी अशी तापले, अशी तापले —

"सोमवारचं विमान चुकवू नकोस," मी म्हटलं आणि निघाले.

"रविवारी मी त्या बुंध्यावर असेन, सैदे!" मागून धुक्यातून आवाज आला. "प्रार्थनेनंतर!"

मी वळून पाहिलं नाही. घरी येऊन भांडी आपटली. स्वच्छ होती, तरी घासली.

शुक्रवारी लमियाचा फोन. "आई, आवाज का असा येतोय? गोळ्या घेतल्यास?" घेतल्या म्हटलं. "मग कुणाशी भांडलीस?" मी म्हटलं, अगं मिल्हेम आलाय, वेलीवाल्यांचा. ती मग म्हणाली, "बाबांची वेल?" मी म्हटलं, बाबांची कशी? "मी लहान असताना विचारलं होतं, दुसऱ्यांची वेल आपण का छाटतो. बाबा म्हणाले, तुझ्या आईचं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते पुरं होईपर्यंत वेल जगवायला हवी."

फोन ठेवला. भिंतीवरच्या बुत्रुसच्या फोटोसमोर खूप वेळ उभी राहिले. तो आपला नेहमीसारखा, डावीकडची फांदी राहिली म्हणणारा.

शनिवारी खाली बाजारात जाऊन कापड घेतलं आणि रात्रीत शिवलं. कुठलं कापड, ते पुढे कळेलच.

रविवारी मठाचा सण. अंगणात गहू-मांसाच्या कढया रटरटत होत्या, ढोल वाजत होता. मठाच्या अबूनांनी, म्हणजे मोठ्या पाद्रींनी, माझ्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना म्हटली आणि दोर सोडला. चाळीस दिवसांचा झगा मी डोक्यावरून काढून संताच्या पायाशी ठेवला. आतला नवा झगा बघून मागच्या बाकावर कुजबुज झाली. हिरव्यावर पांढरे ठिपके. दुकानात तेवढंच कापड होतं… असं मी सगळ्यांना सांगितलंय.

देवळाला दोन दारं. पुढचं गावाकडे जातं, मागचं अक्रोडाकडे. मी मधे उभी राहिले. गुडघे दुखत होते. पुढच्या दारातून सरळ उतरलं की घर — खिडकी, खुर्ची, आणि 'येईल, येईल' म्हणत बसणं. ते मला पाठ होतं.

मागचं दार जड आहे. खांदा लावून ढकललं.

तो बुंध्यावर बसला होता. त्याच कोटात. मला बघितलं, मग झग्याकडे बघितलं, आणि उठायचंच विसरला.

"उशीर केलास," तो म्हणाला. आवाज जरा फाटलेला.

"बेचाळीस वर्षं. माहितीये. चढण आहे ना!"

"झाडसुद्धा दमून पडलं गं."

"तू कसा नाही पडलास?"

"बसून वाट बघतोय ना यंदा."

मी आयुष्यात कुणाच्या पुढ्यात जाऊन काही मागितलेलं नाही. बापाकडे नाही, नवऱ्याकडे नाही. मार सासीनकडे मागितलं ते लेकीसाठी. आता ओठ सुकले. पण त्याने त्याचा प्रश्न तोंडाने विचारला होता. उत्तर माझ्याकडे होतं.

"राहा," मी म्हटलं.

दरीतून धुकं वर यायला लागलं होतं. त्याने कानामागे हात धरला, तुटकी भुवई वर चढवली. "काय? ढोलामध्ये ऐकू नाही आलं."

"एकदाच बोलते मी. दुसऱ्यांदा बोलणार नाही."

तो तसाच, कानाला हात लावून बसलेला. आगाऊ माणूस.

दुसऱ्यांदा बोलले.