मिठावर थांबलेली बाई

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण शाजली थापा मारणारा माणूस नाही.

त्यानं आयुष्यभर ट्युनिस शहरात ट्राम चालवली. माझ्या समोरच्याच घरात राहतो. त्यानं हे मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. जे झालं ते लख्ख उन्हात झालं. गेल्या जानेवारीत, दक्षिणेला वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या तोझर गावी.

शाजलीच्या बायकोला, जुबैदाला, तोझर बघायचं होतं. खजुराची बाग, डोंगरातला झरा, मिठाचं तळं. दरवर्षी बेत ठरायचा आणि दरवर्षी मध्येच काहीतरी निघायचं.

शेवटी तीच हे जग सोडून गेली.

त्यानंतर दोन वर्षं शाजली घरातच बसून होता. एक दिवस फ्रान्सहून मुलीचा फोन आला. रौदा तिचं नाव.

"बाबा, भिंतीसुद्धा कंटाळल्या असतील तुम्हाला. दोन दिवस तोझरला जाऊन या. खोली ठरवलीये मी."

"एकटा जाऊन काय करू? उंटाशी गप्पा मारू?"

"मारा की. तो तरी निमूट ऐकून घेईल."

शाजली गेला.

सुट्ट्यांची गर्दी ओसरली होती. एवढं मोठं हॉटेल, पण जेवणाच्या दालनात तो एकटाच. आपल्याच चमच्याचा आवाज त्याला नकोसा झाला. पाणी काढून टाकलेला पोहण्याचा हौद, आणि त्याच्या तळाशी वाऱ्यानं आणून टाकलेली वाळू. खोलीत बसवेना, म्हणून दुपारीच तो बाहेर पडला आणि खजुराच्या बागेच्या तोंडाशी एक घोडागाडी केली.

गाडीवान म्हातारा. नाव बशीर. तोंडाला कुलूप नाही.

"वर खजूर, मध्ये डाळिंब, खाली भाजी! एका पाण्यात तीन पिकं, बघा. तुमच्या ट्युनिसात एक नळ धड चालत नाही."

शाजली हसला. खूप दिवसांनी हसला.

गाडी मातीच्या भिंतींमधून चालली होती. पाटाचं पाणी खळखळत होतं. ऊन मागे राहिलं आणि दाट सावली सुरू झाली.

आणि बशीर समोर बघतच म्हणाला…

"बाईंच्या अंगावर काहीतरी टाका. या सावलीत हाडं गारठतात."

"कुठल्या बाई, दादा?"

बशीरनं मागे वळून पाहिलं.

आधी शाजलीकडे. मग… त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे.

तो पुन्हा पुढे वळला आणि घोडीला चाबूकच मारला त्यानं. एवढा बडबड्या माणूस, परतेपर्यंत गप्प. भाडं घेतानाही त्यानं मान वर केली नाही.

दुसरा कोणी असता तर त्याच संध्याकाळी बॅग भरून पळाला असता.

शाजली खोलीत गेला, पलंगाच्या कडेवर बसला आणि पोटभर रडला. आनंदानं.

त्याला वाटलं, जुबैदा आली.

"आलीस ना शेवटी?" तो रिकाम्या खोलीला म्हणाला. "आधी कळवायचंस तरी. चांगला सदरा घातला असता."

 त्या रात्री त्याला दोन वर्षांनी शांत झोप लागली.

सकाळी लमीन जीप घेऊन आला. तिशीतला, हसरा पोरगा. पाहुण्यांना डोंगर आणि मिठाचं तळं दाखवणं हाच त्याचा धंदा. त्यानं शाजलीसाठी पुढचं दार उघडलं. मग मागचंही उघडलं, जरा थांबला, आणि हळूच लावून घेतलं.

शाजलीनं ते पाहिलं. तो मनातल्या मनात सुखावला.

शबिका गावच्या डोंगरात खडकाच्या फटीतून झरा येतो. शाजली सावकाश चढला. अरुंद वाटेवर एका बाजूला सरकून चालला, शेजारी कोणाला तरी जागा ठेवावी तसा. वर जाऊन पाण्यात हात घातला. मनातल्या मनात तिला सगळं दाखवलं.

खाली एक बाई फोडलेले चमकते दगड विकायला बसली होती. तो उतरल्यावर ती म्हणाली, "बसा काका. बाईंनाही बसू द्या की. केव्हाच्या उभ्या आहेत."

शाजलीचा ऊर भरून आला. त्याला विचारल्याशिवाय राहवेना.

"दिसते तुला? कशी दिसते गं? थकलेली नाही ना?"

बाईला तो प्रश्न चमत्कारिक वाटला. तिनं त्याच्या मागे पाहिलं.

"थकलेल्या नाहीत. पण बोलत का नाहीत त्या?"

"गोल चेहरा आहे ना? हसली की डोळे मिटतात बघ तिचे…"

"छे हो, काका." बाईचा आवाज खाली आला. "चेहरा लांबट आहे. चांगल्या उंच आहेत. तुमच्यापेक्षा वीतभर उंच."

जुबैदा शाजलीच्या छातीला लागायची.

झऱ्याचा आवाज चालू होता. वर कुठेतरी एक खडा सुटला आणि घरंगळत खाली आला.

"अनवाणी आहेत," बाई म्हणाली. "आणि त्यांचा हात… तुमच्या खांद्यावर आहे."

शाजलीचा डावा खांदा आदल्या दुपारपासून जड होता. त्याला वाटलं होतं, बॅगेमुळे असेल.

तो जीपमध्ये येऊन बसला.  गाडी सुरू झाल्यावर त्यानं विचारलं.

"लमीन, खरं सांग. गाडीत आपण किती जण आहोत?"

लमीन कसनुसा हसला. "हे काय विचारणं झालं, काका? मला वाटलं, तुमचं दोघांचं वाजलंय. सकाळपासून एकमेकांशी एक शब्द नाही. आमच्या घरी पण असंच असतं, म्हणून मी मध्ये पडलो नाही."

"आत्ता काय करतेय ती?"

लमीननं आरशात पाहिलं.

"झोपल्यात बहुतेक. मान खाली आहे…"

मग त्याचं हसू गेलं.

"नाही. डोळे उघडे आहेत. तुमच्याकडेच बघतायत."

शाजलीनं मान वळवून पाहिलं. मागची सीट रिकामी होती. फक्त वाळू, आणि त्याची टोपी.

तो म्हणाला, "ती माझी कोणी नाही, लमीन."

लमीननं मधला आरसा हातानं वर फिरवला. ओठातल्या ओठात कुराणातली आयत पुटपुटत राहिला.

दुपारी ते मिठाच्या तळ्यावर पोचले. रस्ता सरळ तळ्यातून जातो आणि दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर पांढरं. झाड नाही, दगड नाही, पक्षी नाही. लपायलाही जागा नाही. शाजलीनं तिथेच गाडी थांबवायला लावली.

"मी आत चालत जातो. तू माझ्याकडे बघत राहा. ती येतेय का, एवढंच सांग."

"काका, नका जाऊ. मिठाखाली चिखल आहे, पाय आत जातो. आणि ती…"

"बघत राहा म्हटलं ना."

शाजली निघाला. बुटाखाली मीठ करकरत होतं. एक पाऊल, एक आवाज. त्याच्या मागे दुसऱ्या पावलांचा आवाज नव्हता.

पण खांदा तसाच जड होता.

रस्ता मागे बोटभर दिसायला लागला, तेव्हा तो थांबला. मोठ्यानं बोलला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"बाई, तू कोण आहेस ते मला माहीत नाही. तू चुकून माझ्याबरोबर आलीस. मी दुसरीच्या वाटेकडे डोळे लावून होतो. मी तुझा कोणी लागत नाही. तू इथेच थांब."

वारा पडला.

तिथे नुसती शांतता नव्हती, शाजली सांगतो. कोणीतरी आपलं बोलणं नीट ऐकून घेतंय, असं वाटत होतं.

आणि मग… खांदा हलका झाला.

तो परत फिरला. धावला नाही. धावलो तर तिला वाईट वाटेल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं म्हणे. रस्त्यावर आला तेव्हा लमीनचा चेहरा मिठासारखा पांढरा झाला होता.

"आली?"

"नाही. तुम्ही थांबलात तिथेच उभी आहे."

"चिडलीये का?"

लमीननं डोळ्यांवर हात धरून लांब पाहिलं.

"चिडलेली नाही, काका. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात सोडून आई निघाली की पोरं बघतात ना, तशी बघतेय."

शाजलीनं मागे पाहिलं. पांढरं. फक्त पांढरं.

तो दुसऱ्या दिवशी घरी आला. सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. पण दार उघडून तो आत गेला आणि उंबऱ्यापाशीच उभा राहिला. घर पहिल्यापेक्षा जास्त रिकामं होतं.

"दोन दिवस माझ्यासोबत कोणीतरी होतं," तो मला म्हणाला. "मला ते कळलंसुद्धा नाही. आणि कळल्याबरोबर मी तिला जगातल्या सगळ्यात ओसाड जागी सोडून आलो. तिनं माझं काय वाकडं केलं होतं?"



फेब्रुवारीच्या शेवटी लमीनचा फोन आला. मी शाजलीकडेच बसलो होतो. लमीनचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काका, तुम्ही गेल्यावर ती बऱ्याच जणांना दिसली. ट्रकवाल्यांना, पाहुण्यांना. मिठात एकटीच उभी. कोणी जवळ गेलं की नसायची."

"आता?"

"गेल्या शुक्रवारपासून कोणालाच दिसली नाही."

"मग गेली कुठे?"

"अल्लाला ठाऊक. पण…" लमीन अडखळला. "रस्त्यावर चहा विकणारा एक जण आहे. तो सांगतो, ती त्याच्या टपरीवरून गेली. अनवाणी. उत्तरेकडे चालत."

ट्युनिस उत्तरेलाच आहे.

शाजलीनं फोन ठेवला. मला वाटलं, तो घाबरेल. मी त्याला म्हटलं, "काही दिवस माझ्याकडे राहायला ये."

तो उठला. बाहेरचं दार जरासं उघडून ठेवलं आणि फटीत एक चप्पल अडकवली.

तेव्हापासून ते दार तसंच असतं. जिन्यात भेटेल त्याला शाजली विचारतो, "माझ्यासोबत कोणी दिसतंय का?" दूधवाल्याला विचारतो. वाण्याला विचारतो. काल मला विचारलं.

मी नीट पाहिलं. कोणी नव्हतं. खरंच नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. "लांब आहे रस्ता," तो म्हणाला आणि आत गेला.

आमची दारं समोरासमोर आहेत. दोन्ही एकाच रंगाची. परक्या माणसाला कोणतं कोणाचं ते कळणार नाही.

अंधार पडायच्या आत मी माझ्या दाराला कडी घालतो.

पण कडी घातल्यावर पलीकडे, त्या उघड्या दारामागे, कोणाची तरी वाट बघत बसलेला तो माणूस मला दिसत राहतो… आणि मग झोप येत नाही.