काचेवरचं तेल

आईचा फोन उघडून आणायचा, एवढंच काम होतं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून ते माझ्याकडे आलं. दिग्रसच्या बस स्टँडसमोर राजदीपभाऊचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हा फोन आम्ही तिथूनच घेतला होता. मला माणसांशी पटकन बोलता येत नाही, म्हणून दुकानात काय सांगायचं ते मी रस्त्यानेच मनात ठरवून ठेवलं होतं. आई पॅटर्न विसरली आहे. फोन उघडून द्या, पण आतलं काही जाऊ देऊ नका.

राजदीपभाऊने फोन उजेडात धरला, मागून-पुढून पाहिला आणि विचारलं, "काकूले थोडासाबी आठोत नाही का?"

मी नाही म्हटलं. मग त्याने समजावून सांगितलं. पूर्वीच्या फोनमध्ये काही ना काही वाट निघायची, आता निघत नाही. पॅटर्न आठवला तर ठीक, नाहीतर फोन पूर्ण कोरा करावा लागतो. मग तो उघडतो, पण आत काहीच उरत नाही. काही लोकांचे फोटो आपोआप नेटवर साठवले जातात, पण नेट वाचावं म्हणून ते बटण आम्ही त्याच्याकडूनच बंद करून घेतलं होतं.

"असं काय हाय त्यात?" त्याने विचारलं.

विचारल्यावर त्याच्या स्वतःच्याच ते लक्षात आलं असावं, कारण त्याने मान खाली घातली आणि फोन रुमालाने पुसून माझ्या हातात दिला.

त्यात संघर्ष होता. संघर्ष माझा धाकटा भाऊ. गेल्या पावसाळ्यात तो तापाने गेला. आमचे बाबा एसटीत कंडक्टर आहेत, यवतमाळच्या गाडीवर. संघर्ष खाटेवर उभा राहून त्यांची नक्कल करायचा. कानामागे पेन खोचून, नाकातून आवाज काढून म्हणायचा, "चला, दारव्हा, लाडखेड, यवतमाळ... सुट्टे काढा, मावशी, मले कायले पाहता." आईने त्याचा तेवढा एकच व्हिडिओ काढला होता. शेवटी ती स्वतःच हसायला लागली म्हणून तो हलला आहे. त्याचा आवाज आमच्याकडे तेवढाच होता.

फोन आईचा असला तरी हातात त्याच्याच असायचा. त्याला पोंगे, म्हणजे तळलेल्या पोकळ नळ्या, फार आवडायचे. पाचही बोटांत पिवळे पोंगे घालायचे, एकेक खायचे आणि त्याच बोटांनी फोन चाळायचा. काचेवर कायम तेल. आई ओरडायची आणि पदराने काच पुसायची. पॅटर्नही त्यानेच ठेवला होता, इंग्रजी झेडसारखा. वर आडवी रेघ, मग तिरकी, मग खाली आडवी. घरात तो सगळ्यांना माहीत होता.

तो गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. पाहुण्यांच्या पोरांनी तो फोन घेतला आणि खेळता खेळता त्यांच्या हातून संघर्षचा एक फोटो पुसला गेला. आईने फोन हिसकावला. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून तिने पॅटर्न बदलला, फोन बंद केला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. नवा पॅटर्न तिने बाबांनाही सांगितला नाही. कुणी विचारलाही नाही.

या वर्षी ऊन तापायला लागलं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी कणीक मळता मळता ती थांबली आणि हळूच म्हणाली, "पायल, त्याचा आवाज कसा होता वं? मले आठवून नाही राह्यला."

मी सांगायला गेले, पण आवाज कसा सांगतात? त्या दिवशी तिने फोन बाहेर काढून चार्जिंगला लावला. नऊ ठिपके उमटले. आईचं बोट त्यांच्यावर गेलं आणि तिथेच थांबलं. ज्या दिवशी पॅटर्न ठेवला त्या दिवशी ती भानावर नव्हती. पाच वेळा चुकलं की फोन थांबायला सांगतो, पुन्हा चुकलं की आणखी जास्त. म्हणून आम्ही ठरवलं की रोज थोडेच प्रयत्न करायचे, नीट आठवून.

आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी कुणी बाहेर पडत नाही. गल्लीत कुत्रंही दिसत नाही. दारं-खिडक्या लावून, कूलरमध्ये पाणी भरून सगळे झोपतात. वाळ्याच्या ताटीचा ओला वास खोलीभर पसरतो आणि कूलरच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही. अशाच एका दुपारी झोपून उठल्यावर मी फोन हातात घेतला, तर तो आधीच थांबायला सांगत होता. सेकंद उलटे मोजले जात होते.

मला वाटलं, आईने प्रयत्न केले. आईला वाटलं, मी. दोन-तीन दुपारी असंच झालं, पण आम्ही एकमेकींना काही बोललो नाही. मग आई फोन लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावायला लागली. किल्ली कमरेला. मला त्याचं वाईट वाटलं.

त्या दुपारी आम्ही जेवून आडव्या झालो होतो. बाबा ड्युटीवर होते. एकाएकी लाइन गेली. कूलर घरघरत मंद झाला आणि थांबला. ताटीतून पाणी टपकत राहिलं, मग तेही थांबलं. बाहेर इतकं ऊन होतं की दाराच्या फटीतून येणारी रेघ पांढरी दिसत होती. आणि त्या शांततेत कपाटातून आवाज आला.

र्र.

पॅटर्न चुकला की फोन असाच थरथरतो. कपाटाचा पत्रा त्या आवाजाने किंचित वाजला. आईने डोळे उघडले. ती माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. आमच्या दोघींचेही हात मोकळे होते.

र्र... पुन्हा. मध्ये थोडा वेळ जायचा, कुणी विचार करून बोट फिरवावं तेवढा. पाचव्यांदा झाल्यावर आवाज थांबला.

आई उठली. किल्ली कुलपात जाईना, म्हणून मी तिचा हात धरला. फोन साड्यांखाली होता तसाच होता आणि थांबायला सांगत होता. आईने तो दाराच्या फटीशी नेऊन तिरका धरला. काचेवर पिवळट तेल होतं. वर आडवी रेघ, मग तिरकी, मग खाली आडवी. एकावर एक, पुन्हा पुन्हा तीच.

मला पोंग्यांचा वास आला. आईलाही आला असणार, कारण तिने पदर नाकाला लावला नाही, उलट फोनच नाकाजवळ नेला.

"त्याचाच हाय," ती म्हणाली. "त्याले माहीत नाही ना... म्या बदलला ते."

संध्याकाळी आईने बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी तिकिटाची मशीन फळीवर ठेवली आणि बराच वेळ पायातले मोजे काढत बसले. मग म्हणाले की आपण असलं काही मानत नाही. उन्हाने डोकं तापतं, झोप नीट होत नाही, मग असे भास होतात. फोन बंद करून ठेवा म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत. त्यांनी काचेकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोन बंद करून ठेवला. दुपारी लाइन गेली, पण थरथर आली नाही. त्याऐवजी कपाटाच्या पत्र्यावर बोट फिरत होतं, आतून. आडवं, तिरकं, आडवं. ते लाइन येईपर्यंत थांबलं नाही. आई कपाटाला पाठ लावून बसून होती आणि प्रत्येक रेघेला तिचे खांदे आवळत होते. शेवटी तिनेच फोन पुन्हा सुरू केला.

त्यानंतर फोन जेवढं थांबायला सांगायचा तो वेळ वाढत गेला. अर्धा तास, मग तास, मग त्याहून जास्त. आईच्या वाट्याला एकही प्रयत्न उरेना. ती आठवत बसायची आणि तिच्या आधीच तो सगळे प्रयत्न संपवून टाकायचा. एकदा वैतागून मी कपाटाकडे पाहून म्हणाले, "संघर्ष, एक दिवस थांब ना रे..." आईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"त्याले नको बोलू," ती म्हणाली. "घर त्याचं हाय. कडी म्या बदलली."

त्या रात्री तिने ठरवलं असावं. सकाळी ती चांगली साडी नेसली आणि मला सोबत घेऊन राजदीपभाऊच्या दुकानात गेली. फोन कोरा करून द्या म्हणाली. भाऊ माझ्याकडे पाहायला लागला. मला ओरडून सांगायचं होतं की नको, त्याचा आवाज जाईल, तेवढाच आहे. पण दुकानात दुसरी गिऱ्हाईकं होती आणि ती सगळी आमच्याकडे बघत होती.

"काकू, पुन्हा नाही येत मंग काही. करू का?" भाऊने विचारलं.

आईने मान हलवली. भाऊने दोन बटणं दाबून धरली. काच काळी झाली, मग उजळली. फोनने आम्ही पहिल्यांदाच आल्यासारखं स्वागत केलं. भाषा विचारली. भाऊने पुढचं सगळं भरलं आणि फोन आईसमोर धरला. नवा पॅटर्न ठेवायचा होता. रिकामे नऊ ठिपके.

आईचं बोट काचेवर टेकलं आणि कुणी हाताला धरून चालवावं तसं निघालं. मधल्या ठिपक्यावरून वर, तिथून उजवीकडे, कडेने खाली, तळाने डावीकडे. जराही न अडखळता. मग ते थांबलं.

"हाच होता..." आई म्हणाली.

भाऊने पंखा मोठा केला आणि टेबलावरचे स्क्रू उगाच एका डबीतून दुसऱ्या डबीत टाकायला लागला. आई त्या आकाराकडे पाहत राहिली. मग तिने तो पुसला आणि त्या जागी झेड काढला. फोनने खात्रीसाठी पुन्हा काढायला सांगितला, तेव्हा पुन्हा झेड.

घरी येताना तिने पोंग्यांची एक पुडी घेतली. दुपारी तिने फोन कपाटात ठेवला नाही, आमच्या दोघींच्या मध्ये सतरंजीवर ठेवला. शेजारी ती पुडी. आम्ही जाग्या राहणार होतो. पण कूलरचा गार वारा होता, वाळ्याचा वास होता, आणि कधी डोळा लागला ते कळलं नाही.

लाइन गेली तेव्हा मला जाग आली. पुडी तशीच बंद होती. फोन मात्र उघडा होता आणि फोटोंचं पान समोर होतं. त्यावर लिहिलं होतं की इथे काहीही नाही. आणि सगळ्या काचेवर बोटांचे पिवळे फराटे होते, खालून वर, खालून वर, एकावर एक. फोटो चाळताना आपण बोट सरकवतो ना, तसे. काचेवर कोरडी जागा उरली नव्हती. खालच्या कडेजवळ तर कुणी जोर लावून घासल्यासारखं दिसत होतं.

आईने फोन मांडीवर घेतला. तिने तो पुसला नाही.

"त्यालेबी नाही सापडलं," ती म्हणाली.

त्यानंतर काच कधी खराब झाली नाही. कपाट वाजलं नाही. दुपारमागून दुपार गेली. बाबा म्हणाले, पाहा, मी सांगत नव्हतो? आई आता चांगली झोपते, तेही त्यांना बरं वाटलं. ती फारच झोपते. हाक मारली तर दोन-तीन हाका होईपर्यंत उठत नाही. संघर्षचं नावही काढत नाही. परवा त्याचा शाळेचा डबा भंगारात द्यायचा का असं मी मुद्दाम विचारलं, तर कुणाचा डबा, असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो, त्याचा. देऊन टाक."

काल दुपारी पुन्हा लाइन गेली आणि मी दचकून उठले. कूलर नुकताच थांबत होता. आई शेजारी उताणी झोपली होती, तोंड किंचित उघडं. दाराच्या फटीतली उन्हाची रेघ नेमकी तिच्या कपाळावर पडली होती आणि कपाळ चमकत होतं. मला वाटलं, घाम असेल. मी वाकून पाहिलं.

घाम नव्हता. पिवळट तेल होतं. भुवयांच्या वर एक आडवी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथून नाकावरून तिरकी खाली आलेली दुसरी, उजव्या गालापर्यंत. खालची आडवी रेघ ओढायची राहिली होती. गालावर बोट टेकवल्याचा गोल डाग तेवढा होता.

मी ओढणीने ते पुसलं. आई जागी झाली नाही. बाबांना मी सांगितलं नाही, ते काय म्हणतील ते मला माहीत आहे.

आता मी दुपारी झोपत नाही. भिंतीला टेकून आईकडे तोंड करून बसते. हे लिहितेय तेही तिच्या शेजारी बसूनच. आज अजून लाइन गेलेली नाही. कूलर कधीचा एका सुरात चालला आहे आणि माझे डोळे जड होत आहेत. वाळ्याच्या वासात मधूनच दुसरा एक वास येतोय.