साखळी नसलेलं चित्र

लिंबायतच्या आमच्या शाळेत जिन्याच्या वळणावर मी एका ओल्या पोस्टरवर आदळले. पोस्टरमागून चित्रकलेचे नवे सर, ओंकार, डोकावले. माझ्या साडीवर चित्रातली काळी साखळी उमटली होती.

“अहो नीलाबाई… अडकलात की.”

“वेठबिगारीचं चित्र ना? इथं कुणाला साखळदंडात पाहिलंत?”

त्यांनी पाहिलं नव्हतं. मग डबा खाता खाता ठरलं – साखळी न दिसणारी वेठबिगारी शोधायला सातवीच्या मुलांनी गल्लीतल्या कामगारांना एकच विचारायचं, मनात आलं तर काम सोडून जाता येतं का?

त्यानंतर बेडकाचं हृदय फळ्यावर काढून द्यायला ते रोज माझ्या विज्ञानाच्या तासाला येऊ लागले.

“तीनच कप्पे? कुणाला राहायला जागा द्यायची तर…”

“बेडकाला विचारा.”

माझे कान का तापले, कळेना.

मग एक दिवस तासाला सातवीतली पूजा उभी राहिली. तिच्या गल्लीतल्या कारखान्यात जालन्याकडच्या मुली साड्यांना टिकल्या लावतात. बाहेरून कुलूप असतं. खिडकीतून तिनं विचारलं, तर एक रडायलाच लागली, घरी जाऊ देत नाहीत म्हणून.

“कारखाना कुणाचा?” मी विचारलं.

“हिलालशेठचा. आपल्या सरांचे मामा.”

ओंकारच्या हातातला खडू तसाच राहिला. ते त्याच कारखान्याच्या वरच्या खोलीत राहत. नंतर मला म्हणाले, “कुलूप रोज दिसायचं. मामा म्हणाले, मुलींच्या काळजीपोटी आहे, आणि मला ते पटलं.” मला त्यांचा भयंकर राग आला. त्याच क्षणी त्यांना पाणी द्यावंसंही वाटलं… दोन्ही एकदम कसं?

लहान मुलीच्या शब्दावर कलेक्टर कचेरी हलणार नव्हती. हिलालशेठच्या घरातलंच कुणी बोलायला हवं होतं.

“तुम्ही मला सांगत का नाही, कचेरीत चला म्हणून?” ओंकारनी विचारलं.

“नाही सांगणार.”

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. चला, माणूस कळला, असं मी मनाला सांगत होते. मधल्या सुट्टीत ते फाटकाशी दिसले, काखेत वळकटी.

“मामा जेवायला बसलेत. त्यांना कळायच्या आत जाऊ या.”

कचेरीत त्यांनी जबाब दिला. कुलपापासून सगळं सांगितलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा अधिकाऱ्यांची जीप लिंबायतकडे निघाली होती. तिच्यामागे जायला आम्ही रिक्षा केली. मध्ये वळकटी.

“आई आता बोलायची नाही माझ्याशी,” ते म्हणाले. “घरही नाही. अशा माणसाला तुम्ही… म्हणजे, मी विचारू का?”

हे प्रेम, की नुसती कीव, की भीती – मला अजूनही नीट सांगता येत नव्हतं. मी वळकटी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांच्याकडे सरकून बसले.

“विचारा,” मी म्हटलं.